पॉल्सन यांना कर माफ झाला की पुढे ढकलला?

ताळेबंद: हेन्री पॉल्सन २००६ मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचं प्रमुखपद सोडून अमेरिकेचे अर्थमंत्री झाले. हितसंबंध आड येऊ नयेत म्हणून कंपनीचे सुमारे ३२ लाख शेअर विकावे लागले. किंमत ५० कोटी डॉलरच्या आसपास. दीर्घकालीन नफ्यावर तेव्हा १५ टक्के कर होता, पण करसंहितेच्या कलम १०४३ मुळे त्या वर्षी तो लागला नाही. ही ओवाळणी कशाला?

खतावणी: ओवाळणी नाही, मुदत आहे. १९८९ चं हे कलम नीट वाचा. शासकीय नीतिमत्ता कार्यालयाचं प्रमाणपत्र विक्रीआधीच हातात हवं. आधी विकून मग अर्ज केला की सवलत गेली. विक्रीनंतर ६० दिवसांत पैसे सरकारी रोख्यांत किंवा विविध क्षेत्रांत पसरलेल्या म्युच्युअल फंडात घालायचे. कमी घातले तर तेवढ्या नफ्यावर लगेच कर. आणि १० डॉलरचा शेअर १५० ला विकून फंड घेतला, तरी कराच्या हिशेबात फंडाची खरेदी किंमत १० च. फंड विकला की १४० वर कर आलाच.

ताळेबंद: आणि मरेपर्यंत विकलाच नाही तर? वारसांसाठी खरेदी किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाची धरतात. १४० डॉलर कायमचे सुटले. शिवाय एकाच शेअरमध्ये अडकलेला पैसा कर न भरता मोकळा झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये गोल्डमन ६० च्या खाली होता!

खतावणी: वारसांची पळवाट प्रत्येक शेअरधारकाला आहे. आणि ऑक्टोबर २००७ मध्ये तोच शेअर २४० च्या वर होता, ते बरं विसरलात.

उंटावरचा शहाणा: दोघंही करातच अडकलात. शेअर विकले म्हणून ओळखी विकल्या जात नाहीत. १६ सप्टेंबर २००८ ला, आर्थिक संकटात, एआयजी या विमा कंपनीला ८,५०० कोटी डॉलरचं सरकारी कर्ज जाहीर झालं, आणि दुसऱ्या दिवशी पॉल्सन यांना गोल्डमनच्या बाबींत लक्ष घालायची सूट मिळाली. एआयजीला मिळालेल्या सरकारी मदतीतून गोल्डमनकडे १,२९० कोटी डॉलर गेले.

खतावणी: कर्ज न्यूयॉर्क फेडचं, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेचं होतं, अर्थखात्याचं नव्हे. आणि त्या आठवड्यात अर्थमंत्र्याने बैठकीतून उठून जायचं होतं का?

उंटावरचा शहाणा: बसायचं, पण सूट कशासाठी आणि कुठवर, ते त्याच दिवशी जाहीर करून.

ताळेबंद: माझं मागणं साधं आहे. १०४३ ठेवा, फक्त त्यातून घेतलेल्या फंडाला वारसांची सवलत देऊ नका.

खतावणी: द्या सुचवून. साठीतला उमेदवार आधी वकिलाकडून तेच गणित मांडून घेईल आणि खुर्चीला नमस्कार करेल.