२२ हजार डॉलरमध्ये हॉट रॉड किंवा कस्टम गाडी: कोणती घेऊ? (मिशिगन)

सांगलीकर_ट्रॉय:
मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मिशिगनला ट्रॉयमध्ये राहतो. दर ऑगस्टात तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते तिथे फोल्डिंग खुर्ची आणि चिवड्याचा डबा घेऊन बसतो आणि घरी आलो की चार दिवस झोप लागत नाही. यंदा ठरवलंय, बघणं बास झालं, घ्यायचीच.

बजेट २२ हजार डॉलर. यात टॅक्स, ट्रेलरचं भाडं, पहिली दुरुस्ती सगळं आलं. वाढणार नाही, परत सांगतो, वाढणार नाही. गॅरेजमध्ये एका गाडीची जागा आहे. बायकोची एकच अट, पोरं (७ आणि १० वर्षं) मागे पट्टा लावून बसली पाहिजेत. आणि मे मध्ये आई-बाबा येतायत सहा महिने. बाबांचं सांगलीत गॅरेज होतं, फियाट, ॲम्बॅसिडर, जीप, आयुष्य त्यात गेलं. मी स्वतः कॉम्प्युटरवर क्रॅश सिम्युलेशन करतो, माझ्या हातात पाना दिसला की बाबा हसतात.

डोक्यात फोर्ड मॉडेल ए कूपे आहे, १९३२ ची फायबर बॉडीवाली फोर्ड रोडस्टर आहे, ४९ ते ५१ मधली मर्क्युरी आहे, नाहीतर ५५ ची शेवी (शेवरोले). काय घेऊ?

व्ही८_वडापाव:
३२ फोर्ड. विषय संपला. हॉट रॉड म्हणजे ड्यूस (३२ फोर्डचं लाडाचं नाव), बाकीचं सगळं भाजीपाला. सामान्य माणसाला परवडेल असं व्ही८ इंजिन पहिल्यांदा त्या गाडीत आलं, २२१ क्यूबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि कॅलिफोर्नियाच्या पोरांनी मडगार्ड काढून म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर ती पळवली. मी ओरिजिनल स्टीलचा रोडस्टर घेतलाय, गेल्या वर्षी पोमोनाला शोमध्ये ठेवला होता, लोक रांग लावून फोटो काढत होते. तुला सांगतो, थोडं ताणून ६०-६५ पर्यंत जा, आयुष्यात एकदाच घेतो माणूस.

सांगलीकर_ट्रॉय:
@व्ही८_वडापाव अभिनंदन. पण २२.

खडूस_काका:
६५ हॉर्सपॉवरचं कौतुक सांगणाऱ्यांनी हेही सांगावं की त्या फ्लॅटहेडची (फोर्डच्या जुन्या व्ही८ ची) एक्झॉस्टची वाट ब्लॉकच्या पोटातून जाते. म्हणजे धूर बाहेर जाताजाता पाणी तापवून जातो. दोन वॉटर पंप असूनही ट्रॅफिकमध्ये किटली होते. माझ्या ४० च्या कूपेने जुलैत भर सिग्नलला वाफ सोडली तेव्हा मागच्या बाईने फायर ब्रिगेड बोलावली होती. नंतर ब्लॉक उघडला तर व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंत क्रॅक. घ्यायची असेल तर ब्लॉक तपासून घ्या, नाहीतर शेवीचं ३५० क्यूबिक इंचाचं इंजिन टाकलेली घ्या, कोपऱ्यावरच्या दुकानात पार्ट मिळतात.

व्ही८_वडापाव:
फोर्डमध्ये शेवीचं इंजिन म्हणजे पुरणपोळीबरोबर केचप.

खडूस_काका:
केचप रस्त्यात बंद पडत नाही.

रंगारी:
मी दक्षिण कॅलिफोर्नियात बॉडीशॉपमध्ये १४ वर्षं काम करतो त्यामुळे जरा अधिकाराने लिहितो. धागाकर्ते, आधी हॉट रॉड आणि कस्टम यातला फरक समजून घ्या, दोन्ही एका पिशवीत घातलेत तुम्ही. हॉट रॉड पळवायला, म्हणून हलकी करायची, जे नको ते काढून फेकायचं. कस्टम दाखवायला, ती खाली बसवायची, लांब दिसली पाहिजे, टप कापून बुटका करायचा, हेडलाइट आत ओढून बसवायचे, बॉनेट आणि डिकीवरची सगळी नावं-बिल्ले काढून भोकं बुजवायची. मर्क्युरी या दुसऱ्या जातीची राणी. बॅरिस बंधूंनी बॉब हिरोहाटासाठी केलेली ५१ ची मर्क २०२२ च्या जानेवारीत लिलावात २१ लाख ४५ हजार डॉलरला गेली. तुम्हाला २२ हजारात टप कापलेली मर्क कोणी देत असेल तर पळा. कापायला सोपं असतं हो, जोडायला नाही. पुढचा खांब वेगळ्या कोनात, मागची काच वेगळी, दरवाज्याच्या चौकटी वेगळ्या, आणि नवशिक्याने केलं असेल तर आत डझनभर किलो पुट्टी. पूर्वी शिसं वितळवून भरायचे म्हणून तर लेड स्लेड म्हणतात. बघायला जाल तेव्हा मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक घेऊन जा आणि खालून सगळीकडे फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लोखंड नाही.

मीरा_ओहायो:
पट्ट्याबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. आम्ही दोन वर्षांपूर्वी याच भानगडीतून गेलो. १९५० च्या दशकातल्या दोन-दरवाजी हार्डटॉपला मधला खांब नसतो, काचा खाली केल्या की सगळं मोकळं, तेच तिचं सौंदर्य. पण मग तीन-टोकी पट्ट्याचं वरचं टोक बांधणार कशाला? नुसता कमरेचा पट्टा बसतो. सेडानला मधला खांब असतो, तिथे आतून जाड पत्रा वेल्ड करून पुढच्यांसाठी पट्टे नीट बसवता येतात, मागे पार्सल शेल्फखाली मजबुती द्यायची. आणि ब्रेक: १९६७ च्या आधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असतं, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर टाकल्याशिवाय पोरांना बसवू नका. रंगबिंग नंतर.

डेट्रॉईटचा_दादा:
अहो पोरं मागे बसवायची म्हणता आणि यादीत मॉडेल ए कूपे आणि रोडस्टर? पोरांना डिकीत बसवणार का? (डिकीत सीट असते तशी, रंबल सीट म्हणतात, पण मिशिगनच्या पोलिसाला ते सांगून बघा.) माझं ऐका, ऑटोरामा हा गाड्यांचा शो चुकवू नका, फेब्रुवारी संपता संपता डाऊनटाऊनला असतं. वरच्या मजल्यावर रिडलर पुरस्कारवाल्या गाड्या, त्या बघून फक्त उसासे टाकायचे. तुम्ही तळघरात जा, तिथे रॅट रॉडवाली, हाताने बनवणारी पोरं असतात, गंजलेल्या गाड्या, बिअरच्या डब्याचा एअर फिल्टर, पण माणसं खरं सांगतात. मला माझी ५२ ची पिकअप तिथेच गवसली, ९ हजारात. वर आणखी ११ घातले ते सोडा.

फायबर_फसगत:
दादांना +१. ३२ फायबर बॉडीचा विचार करणाऱ्यांसाठी माझी रामकहाणी. गाडी झकास, केशरी रंग, फोर्डचं ३०२ इंजिन, पुढे मस्टँग टू चं सस्पेन्शन, किंमतही तुमच्या बजेटच्या आसपास. कागदावर लिहिलेलं १९३२ फोर्ड. मी राज्य बदललं, नव्या राज्यात तपासणीला गाडी नेली, साहेबांनी चासीवर नंबर शोधला, सापडेना. बॉडी २००४ च्या सुमाराला बनलेली, चासी नवीन, १९३२ चं त्यात काय आहे विचाराल तर मालकाची इच्छा. आठ महिने गाडी गॅरेजमध्ये, मी ऑफिसात चकरा, शेवटी असेंबल्ड गाडी म्हणून नवा नंबर मिळाला आणि विकताना किंमत पडली ती पडलीच. आधी टायटल (मालकीचा कागद) वाचा, मग चासीवरचा नंबर वाचा, मग रंग बघा. मी उलटं केलं.

नुसता_वाचक:
माझदाची दोन-सीटर मियाटा घ्या. छान गाडी आहे.

रंगारी:
@नुसता_वाचक धागा वाचा.

पुणेरी_पद्मिनी:
तुम्हा अमेरिकावाल्यांची मजा आहे बुवा. इकडे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आणि ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर हवा असेल तर ती मूळ रूपातच पाहिजे. म्हणजे तुमचा हॉट रॉड इकडे आणला तर ना व्हिंटेज ना चालू. माझी पद्मिनी १०८९ सीसी, एक स्क्रू बदललेला नाही. तुमच्या त्या टप कापण्याच्या प्रकाराला आमच्याकडे ॲक्सिडेंट म्हणतात.

कोल्हापुरी_चप्पल:
पद्मिनीचा विषय काढलाच आहे तर, मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली तेव्हा मी खरंच रडलो होतो. लहानपणी दादरहून मामाकडे जाताना पुढच्या सलग सीटवर ड्रायव्हर धरून चौघं बसायचो, गिअर स्टिअरिंगजवळ असल्याने मध्ये जागा मोकळी.

पुणेरी_पद्मिनी:
चौघं? आम्ही पाच.

डेट्रॉईटचा_दादा:
अवांतर पुरे. तर मुद्दा असा की ५५ ची शेवी घ्या, स्मॉल ब्लॉक व्ही८ त्याच वर्षी आलं, २६५ क्यूबिक इंच, त्याची पिलावळ आजही सगळ्या हॉट रॉडमध्ये आहे. पार्ट सगळे नवे मिळतात, अख्खी बॉडीसुद्धा. आणि हो, बघायला जाताना चुंबक घेऊन जा.

रंगारी:
मी वर लिहिलंय चुंबकाचं.

व्ही८_वडापाव:
२२ मध्ये धड ५५ चा दोन-दरवाजी मिळणार नाही. चार-दरवाजी मिळेल पण ती काय आजोबांची गाडी, चार-दरवाजी कस्टमला शोमध्ये कुत्रं विचारत नाही. ५० करा बजेट.

सांगलीकर_ट्रॉय:
सगळ्यांचे आभार. या तीन आठवड्यांत सहा गाड्या बघितल्या. एका मर्कच्या दरवाज्याला चुंबक लावलं तर सरळ खाली पडलं, मालक म्हणाला इकडे हवा दमट असते म्हणून. ३२ फायबर एक आवडली होती पण फसगत यांची गोष्ट आठवून चासीचा नंबर मागितला तर त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

आता एक १९५४ ची शेवरोले टू-टेन बघितलीय, लान्सिंगजवळ. चार-दरवाजी. २३५ ची सरळ सहा सिलिंडर, तीन गिअर, गिअर स्टिअरिंगला. बिल्ले काढलेत, खाली बसवलीय, हेडलाइट आत घेतलेत, सहा सिलिंडरची एक्झॉस्ट मध्ये विभागून दोन सायलेन्सर. रंग मळकट हिरवा. मागतोय १६. मत सांगा.

व्ही८_वडापाव:
नको.

खडूस_काका:
सहा सिलिंडर घेताय तर निदान व्ही८ टाकायची तयारी ठेवा. आणि हे माहीत आहे ना की ५४ पर्यंतच्या शेवीला टॉर्क ट्यूब आहे? प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत, ती नळी थेट मागच्या एक्सलला. म्हणजे गिअरबॉक्स बदलायचा तर एक्सलही आला. लोक ५५ घेतात ते उगाच नाही. नको.

रंगारी:
हेडलाइट आत घेतलेत तिथे पाणी साचून गंज धरतो, बघा. ६ व्होल्टचं वायरिंग असेल, १२ करून घ्या, इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) काढून फेका. पण चार-दरवाजी... विकताना रडाल.

डेट्रॉईटचा_दादा:
चार-दरवाजीला माझाही विरोध. एक वर्ष थांबा आणि पैसे साठवा.

मीरा_ओहायो:
५४ मध्ये साध्या गिअरवाल्या २३५ लाही कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला दाबाने ऑइल मिळायला लागलं. ५३ च्या गिअरवालीत ते नव्हतं, कनेक्टिंग रॉडला पळीसारखं टोक, ते ऑइलमधून उडवत जायचं. त्यामुळे तेच इंजिन अजून आत आहे का आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशर किती राहतं ते नक्की बघा. बाकी मी वर लिहिलंच आहे.

(धागा सात आठवड्यांनी वर)

सांगलीकर_ट्रॉय:
घेतली. १४,२०० ला.

तुमचं बहुतेक कोणाचंच ऐकलं नाही, माफ करा. मागच्या सीटवर आईला गुडघे दुमडून, पुढची सीट पाडून चढवायचं तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं मी घरी बसते, तुम्ही जा. चार-दरवाजीत ती बसते. मीराताईंचं मात्र पाठ केलं होतं, दुहेरी मास्टर सिलिंडर टाकून घेतला, मधल्या खांबाला पत्रा वेल्ड करून पट्टे, मागे पार्सल शेल्फखाली मजबुती, सगळं धरून २,६०० गेले. हिस्टॉरिक प्लेट घेतली, त्यावर शो आणि परेड चालतात आणि ऑगस्टात महिनाभर हवी तशी फिरवता येते, मला ऑगस्टच पाहिजे. इन्शुरन्स ठरलेल्या किमतीचा.

पॉइंट काढले नाहीत. बाबा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेट लॅगमुळे पहाटे चारला उठून गॅरेजमध्ये गेले. मी गेलो तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलेलं, आणि मला म्हणाले फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) कुठे आहे. माझ्याकडे नव्हतं. "क्रॅश कसली करतोस मग," म्हणाले. दुपारी ते आणून पॉइंटचा गॅप बसवला, कानाने टायमिंग लावलं, आता सिग्नलला थांबली तरी थरथरत नाही. ६ व्होल्टच ठेवलंय, ते म्हणाले सहाचे बारा करायचे पैसे आहेत तर चांगले टायर घे. स्टिअरिंगचा गिअर त्यांना सांगावा लागला नाही, फक्त फियाटला चार होते, हिला तीनच का, असं दोनदा विचारलं.

व्ही८_वडापाव:
अभिनंदन. पण फोटो टाका. फोटोशिवाय धागा पूर्ण होत नाही.

पुणेरी_पद्मिनी:
तुमच्या बाबांनी पॉइंट काढू दिले नाहीत याबद्दल सलाम. फियाटला चार हे बरोबर आहे.

मीरा_ओहायो:
ऑइल प्रेशर?

सांगलीकर_ट्रॉय:
गरम झाल्यावर गाडी थांबवून १५, चालताना ३२ च्या आसपास. बाबा म्हणाले पुरे.

रंगारी:
चुंबक लावलं होतं ना सगळीकडे?

सांगलीकर_ट्रॉय:
लावलं होतं. उजव्या मागच्या मडगार्डला चिकटलं नाही. म्हणून तर १४,२०० ला दिली.

खडूस_काका:
मडगार्डच्या खाली, आतून, बोटाने दाबून बघा.

सांगलीकर_ट्रॉय:
बघितलं. बोट आत गेलं.