मदत हवी आहे: तव्यावरचा कोळंबी पिझ्झा, खालचा नान ओला होतोय

नमस्कार मंडळी. मी नांदेडची. आमच्याकडं गोदावरीचे मासे मिळतात, समुद्राची कोळंबी मात्र मला फ्रोझनच आणावी लागते. लेकीला चायनीज चवीचा पिझ्झा फार आवडतो. घरात ओव्हन नाही, म्हणून तयार नानवर, जाड तव्यात झाकण ठेवून करते.

सॉसला २ चमचे सोया सॉस, चमचाभर मध, किसलेलं आलं, ठेचलेला लसूण, लाल मिरचीची पेस्ट. वर कोळंबी, पातीचा कांदा, थोडं मोझरेला चीज. उतरवल्यावर भाजलेले तीळ. चव छान जमलीय.

पण मधोमध नान लिबलिबीत होतो. तुकडा उचलला की टोक लोंबतं आणि पाणी बशीत ठिबकतं. कोळंबी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून, बर्फ वितळला की फडक्यानं टिपूनच घेते. आधी परतली तर पाणी आटतं, पण झाकणाखाली पुन्हा शिजून तिचं घट्ट वेटोळं होतं, अगदी रबरासारखं.

सोया सॉसमधल्या मिठानं पाणी सुटत असेल का? सॉस कॉर्नफ्लोअर लावून दाट करू, की नान आधी दोन्ही बाजूंनी कडक भाजून घेऊ? कोळंबी अर्धीच परतावी का? रविवारी नणंदेची मुलं येणार आहेत. तव्यावर केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.