गोठ्याच्या रबरी मॅटमध्ये मक्याचा स्टार्च नि घायपात : कुणी केलंय का?

उद्यमबाग_मोल्डिंग
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत माझं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, बुश नि गॅस्केट करतो. आता म्हशींच्या पायाखाली घालायची मॅट करायलोय. कार्बन ब्लॅक (रबरात घालतात ती काजळीची पूड) कमी करून गोकाक-बैलहोंगलकडच्या मक्याचा स्टार्च आणि बांधावरच्या घायपाताचा वाख (पानातला धागा) घालायचा विचार आहे. शेतकऱ्याच्या मालातनं शेतकऱ्याचीच वस्तू व्हावी, ही मनापासूनची इच्छा. पण स्टार्चची पूड मिलवर (रबर मळायच्या दोन रोलच्या यंत्रावर) घातली की शीट प्रेसमधनं फोड येऊन निघते आणि ओढली की तुटते. कारण काय असावं?

मिक्सिंगवाला_निपाणी
फोड ओलीमुळं. साध्या स्टार्चमध्ये १०-१२ टक्के ओल असतेच, १५० डिग्रीच्या प्रेसमध्ये तिची वाफ होते. स्टार्च नि वाख, दोन्ही आधी वाळवा.

तुटण्याचं कारण वेगळं. मक्याच्या स्टार्चचा दाणा साधारण १५ मायक्रॉनचा, ब्लॅकचा कण त्याहून शेकडो पटींनी बारीक. शिवाय स्टार्च पाणी धरतो, रबर पाण्याला जवळ करत नाही, मग पकड कशी बसणार? म्हणून स्टार्च ७०-७५ डिग्रीला शिजवून त्याची खळ लॅटेक्समध्ये (रबराच्या चिकात) ढवळतात, दोन्ही एकत्र साकळवून घट्ट करतात, वाळवून मग मिलवर घेतात. गुडइयरनं २००१ साली टायरमध्ये मक्याच्या स्टार्चपासूनचा फिलर (भरणीची पूड) घातला, तोही प्रक्रिया केलेला.

पण दादा, गोठ्याला स्टार्च नको. रोजचं मूत नि पाणी. मॅट फुगणार, जंतू स्टार्च खाणार. तो पायपुसण्यासारख्या कोरड्या वस्तूत घाला. मॅटला नुसता वाख घ्या, फक्त कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, तिथनं तो पाणी ओढतो.

वाखवाला_खानापूर
वाखाचं मी सांगतो. आमच्याकडं दावी वळायची ती त्याचीच. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवा, कॉस्टिक पूर्ण जाईपर्यंत धुवा, वाळवा. तुकडे ६ ते १० मिलिमीटरचे करा. लांब ठेवला तर मिलवर गोळे होतात. रोलमधली फट बारीक ठेवून शीट दरवेळी एकाच दिशेनं घाला, म्हणजे धागे एका रेषेत बसतात आणि ताकद त्याच दिशेला येते. म्हैस चारी बाजूंनी फिरते हो, तेव्हा दोन शीट आडवी-उभी लावून प्रेस करा.

आणि चिमूटभर वाख घालून बघू नका. नैसर्गिक रबर ओढलं की त्यात स्फटिक बनतात, त्याचा जोर त्यामुळंच. थोडासा वाख तेवढी रचना मोडतो, ताकद उलट घटते. १०० भाग रबराला २०-३० भाग घाला. वाख रबराला धरून राहावा म्हणून रिसॉर्सिनॉल, हेक्सा नि सिलिका ही तिन्ही रसायनं लागतात. रिसॉर्सिनॉलचा धूर वाईट, मिलवर एक्झॉस्ट पंखा पाहिजेच.

उद्यमबाग_मोल्डिंग
दोघांचेही आभार. मॅटमधला स्टार्च काढतो, पायपुसण्याचं लॅटेक्सवर वेगळं बघतो. हेक्सा मिलवर कधी घालायचं?

मिक्सिंगवाला_निपाणी
सगळ्यात शेवटी, रबर पक्कं करणारं गंधक नि त्याचा वेग वाढवणारा ॲक्सिलरेटर यांच्याबरोबर. रोलला गार पाणी चालू ठेवा, नाहीतर कंपाउंड (मिसळलेलं रबर) प्रेसमध्ये जायच्या आधी मिलवरच पक्कं व्हायला लागतंय.