अँटिग्वा बेटावरच्या जुन्या ऊसमळ्याचा माग नकाशावरून कसा काढायचा?

झाडीची_पोर
नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यातली, एम.ए. इतिहास दुसरं वर्ष, साखरेवर प्रोजेक्ट करून राहिली. आमच्याकडं कोहळी लोकांनी तलाव बांधले, त्या पाण्यावर ऊस केला, गुऱ्हाळं चालवली हे आजीकडून ऐकतच मोठी झाली, म्हणून वाटलं की जिथं साखरेसाठी माणसं विकत घेतली तिथल्या एका तरी मळ्याची गोष्ट मुळापासून शोधावी. कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरचा बेटीज होप घेतला. १६५० च्या सुमाराचा मळा, १६७४ मध्ये कॉड्रिंग्टन घराण्याकडं गेला तो १९४४ पर्यंत त्यांचाच. मालकाच्या मुलीचं नाव बेटी, म्हणून बेटीज होप.
रॉबर्ट बेकर नावाच्या सर्व्हेयर जनरलनं १७४६ ते १७४८ मध्ये मोजणी करून काढलेला बेटाचा नकाशा स्कॅन करून नेटवर आहे, तो मी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार कोपरे धरून आजच्या सॅटेलाइट फोटोवर बसवला तर सगळंच सरकते, किनारा जुळवला की मळा भलतीकडं जाते आणि मळा जुळवला की किनारा समुद्रात. त्यात मळ्यांची नावंही नकाशागणिक बदलतात. कुठून सुरुवात करू?

जुना_मोजणीदार
पोरी, तीस वर्षं साखळी ओढली म्हणून सांगतो, नावाच्या मागं लागू नको. आपल्याकडं सातबाऱ्यावर नाव बदलते, फेरफार होते, पण धुरा, म्हणजे शेताचा बांध, तिथंच राहते. त्या काळी मळ्याला बरेचदा मालकाचंच आडनाव लावत, मळा विकला की नकाशावरलं नाव गेलं. आधी न हलणाऱ्या खुणा धर: किनारा, खाडी, टेकडी, तळं, दगडी बांधकाम.
अजून एक. इंग्रजांची गंटर साखळी ६६ फुटांची, आपला गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे एक चौरस साखळी बरोबर ४ गुंठे आणि १० चौरस साखळ्या म्हणजे एकर. मळ्याच्या जुन्या कागदात एकर सापडले की आजच्या नकाशावर क्षेत्रफळ काढून ताडून पाहा, जागा चुकली असेल तर तिथंच कळते.

नकाशावेडा_अमरावती
ताई, चार कोपरे धरले तिथंच घोळ झाला. ते कागदाचे कोपरे आहेत, जमिनीचे नाहीत, आणि कागद अडीचशे वर्षांत आकसते, घडीवर ताणते. कडेला छापलेल्या रेखांशावरही भरोसा ठेवू नका, ग्रीनिच सगळ्या जगासाठी शून्य ठरलं ते १८८४ मध्ये, त्याआधी जो तो आपल्या सोयीचं शून्य धरायचा. जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे जुना नकाशा आजच्या जमिनीवर बसवायच्या क्यूजीआयएसमधल्या साधनात, दोन्हीकडं ओळखू येतील असे पंधरा-वीस पॉइंट घ्या: इंग्लिश हार्बरचं तोंड, फाल्मथ, उत्तरेकडचं पारहॅम, किनाऱ्याची टोकं, आणि मळ्याच्या आसपास जास्त घ्या. आधी साधं पॉलिनॉमियल, म्हणजे सगळा नकाशा एकाच सूत्रानं सरकवणारी पद्धत, लावून कोणता पॉइंट किती चुकतो ते बघा, चुकीचे काढून टाका, मगच थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे प्रत्येक पॉइंटपाशी नकाशा रबरासारखा ताणणारी पद्धत, लावा. पहिल्याच झटक्यात स्प्लाइन लावलं तर ते तुमची चूकही गुपचूप ताणून बसवून देते आणि नकाशा बरोबर आहे असं वाटत राहते.
सगळ्यात पक्की खूण म्हणजे ऊस गाळायच्या पवनचक्क्यांचे दगडी बुरूज. त्या बेटावर ते अजून ठिकठिकाणी उभे आहेत, सॅटेलाइटवर गोल दिसतात.

गुऱ्हाळवाला
मला नकाशातलं काही कळत नाही पण चक्क्यांचं सांगतो. ऊस तोडला की लगेच गाळावा लागते, दिवसभर पडला तरी रस आंबायला लागते आणि मग ना गूळ धड होत ना साखर. म्हणून घाणा शेतापासून लांब ठेवून चालतच नाही. तुझ्या मळ्यातही जिथं चक्की तिथंच आसपास ऊस आणि कढया असतील असं धरून चाल. चक्की वाऱ्याच्या जागी, उंचावर असेल. आणि पाणी कुठून आणत होते ते पण बघ. आपले लोक गेले होते का तिथं ऊस तोडायला?

इतिहासाचा_मास्तर
दादा, आपले लोक गेले ते त्रिनिदाद, गयाना, सुरीनामला. त्रिनिदादला पहिलं जहाज ३० मे १८४५ ला लागलं, फतेल रझाक. अँटिग्वाच्या या मळ्यात राबली ती आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं आणि त्यांची लेकरं.
ताई, म्हणून एक मनापासून सांगतो. नकाशा मालकाच्या पैशानं काढलेला असते. त्यात चक्की ठळक, बंगला ठळक, आणि राबणाऱ्यांच्या झोपड्या असल्याच तर कोपऱ्यात बारीक चौकोन. माणसं शोधायची तर गुलामांची रजिस्टरं बघा. अँटिग्वाची १८१७ पासूनची आहेत, लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये टी ७१ या मालिकेत, त्यात एकेकाचं नाव लिहिलं आहे. १ ऑगस्ट १८३४ ला तिथं गुलामी संपली, बाकी बऱ्याच बेटांवर पुढं चार वर्षं ॲप्रेंटिसशिपच्या, म्हणजे उमेदवारीच्या, नावाखाली जुन्याच मालकाकडं सक्तीनं राबणं चाललं, अँटिग्वानं ते ठेवलं नाही. ब्रिटिश सरकारनं दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना, राबणाऱ्यांना एक पेनी नाही. कोणत्या मळ्यापोटी कोणाला किती मिळाले ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या डेटाबेसमध्ये मळ्याच्या नावानं फुकट शोधता येते. मालकांची साखळी तिथं लागली की नकाशावरली बदललेली नावंही जुळतील.

झाडीची_पोर
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसली, सतरा पॉइंट घेतले, तीन काढून टाकले, आणि आता किनाराही बसला, मळाही बसला. बेटीज होपला एक नाही तर दोन बुरूज आहेत जवळजवळ, त्यामुळं ओळखायला सोपं गेलं. गुऱ्हाळवाले दादा, तुमचा पाण्याचा प्रश्न एकदम बरोबर निघाला. बेट कोरडं आहे, बारमाही नदी नाही, म्हणून पावसाचं पाणी टाक्यांत आणि तळ्यांत साठवत होते. आपल्या बोड्यांसारखंच, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यांसारखंच की! फक्त ती तळी कोणी खोदली असतील हे मास्तर सरांचं वाचल्यावर विचारायचीही गरज राहिली नाही.
काका, आमच्याकडं रिठी गावं असतात ना, नोंद आहे, शीव आहे, पण माणूस राहत नाही, तसाच वाटला मला तो मळा सॅटेलाइटवर. झोपड्यांचे चौकोन अजून सापडले नाहीत. १८१७ च्या रजिस्टरातली नावं वहीत उतरवायला घेतली आहेत, आज पहिलं पान झालं.

जुना_मोजणीदार
नावं उतरवताना स्पेलिंग जसंच्या तसं ठेव, सुधारू नको. आणि झोपड्या चक्कीच्या आसपास, वारा जिकडं वाहते त्या बाजूला बघ, मालक स्वतःच्या बंगल्याकडं धूर येऊ देत नव्हता.