मदत हवी आहे: परभणीत राहत्या घरी मसाला, येसर (आमटीला लावायचं भाजणीचं पीठ) करून विकायचं तर झोनचा, म्हणजे निवासी विभागाचा, नियम काय?

नमस्कार. घर आमचं स्वतःचं आहे, वसमत रोडकडच्या कॉलनीत, बांधकाम परवाना राहण्यासाठीचा. सासूबाई आणि मी काळा मसाला, येसर, मेतकूट करतो. उन्हाळ्यात कुरडया, पापड्या. आधी ओळखीतलीच गिऱ्हाइकं होती. आता पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरापोरींकडून मागणी येतेय, कारण तिकडं आपल्यासारखं येसर मिळत नाही.

कुटायचं एक हॉर्सपॉवरचं यंत्र कमी पडतंय. तीनचं घ्यावं आणि गल्लीतल्या दोघीजणींना रोजानं लावावं असं मनात आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी आहे, वर्षाला 100 रुपये भरतो. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी फुकटात झाली. दुकाने व आस्थापना कायद्याचं म्हणाल तर आमच्यासारखे दोन-तीनच कामगार असले की ऑनलाइन सूचना दिली तरी पुरतं. अडलंय ते झोनपाशी.

शेजारच्या काकांना दमा आहे. मिरची कुटताना खकाणा त्यांच्या घरात जातो, त्यांनी तसं सांगितलं आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे. उद्या त्यांनी महापालिकेत अर्ज दिला तर आमची बाजू कायद्यानं टिकेल का? आणि मीटर कमर्शियल होईल का?

प्रतिसाद

ताई, तीन हॉर्सपॉवरचं यंत्र घरी आणू नका. मुंबई वगळता बहुतेक महापालिकांना 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली (बांधकाम आणि जागेच्या वापराचे नियम) लागू आहे, परभणीही त्यात येते. निवासी विभागात घरगुती व्यवसाय चालतो, पण घरच्याच माणसांनी, पगारी मजूर न लावता. मोटर वापरली तर एकूण भार जास्तीत जास्त 0.75 किलोवॅट, म्हणजे साधारण एक हॉर्सपॉवर. ‘एकूण’ म्हटलंय, म्हणजे पाकिटं सील करायचं यंत्रही त्यातच धरा.

दोघीजणींना घरी बोलावण्याऐवजी मिरचीचे देठ खुडणं, धने निवडणं त्यांच्या त्यांच्या घरी द्या. भाजणं आणि पाकिटं भरणं तुमच्याकडं. कुटण्यासाठी बाजारातलं कांडप गाठा, काकांचा त्रासही थांबेल. माझ्या मते हेच सगळ्यात बरं.

स्वतःचंच कांडप हवं असेल तर आधी नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते त्याचा कागद) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला त्या भागाचा नकाशा) काढा. घरापुढचा रस्ता किती रुंद आहे त्यावर कोणते वापर चालतात ते ठरतं. मसाला कांडपाला परवानगी मिळते, पण अटी घालून आणि योग्य रस्त्यावर. गाळा भाड्यानं घेण्याआधी त्याचाही दाखला बघा.

मीटरचं: घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला 300 युनिट, मागच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटच्या आत असेल, तर महावितरण घरगुती दरच लावतं.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, खूप आभार. देठ खुडायचं त्या दोघींना आजच विचारते. बिलं काढून बघितली: वर्षाचं 3600 च्या आत आहे, पण मे महिन्यात 300 च्या वर गेलंय, कूलरमुळं. अशा एका महिन्यामुळं दर बदलतो का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.