केदारनाथ : सॅकमध्ये अजून काय घेऊ? आणि घोड्याची भीती कशी घालवू?

रानजाई (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन केदारनाथला जायचं आहे. आई 64 वर्षांची. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. बाबा गेल्यापासून तिने मागितलेली ही एकच गोष्ट, त्यामुळे पुढे ढकलायची नाही.

वाटेत अडकलो तर दोन दिवस निभावेल अशी सॅक भरते आहे. 28 लिटरची सॅक घरात आहे. रेनकोट, बॅटरी, औषधांचा डबा, गरम कपडे, सुका खाऊ आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या आहेत. नेहमीच्या यादीत नसलेल्या, पण तुमच्या खरंच कामाला आलेल्या वस्तू सांगा. बजेट 1500 रुपये. सगळं मिळून वजन 6 किलोच्या वर नको.

दुसरं म्हणजे, आई घोड्यावरून जाणार. तिला भीती नाही, मला आहे. आठ वर्षांची असताना टांग्याच्या घोड्याने मांडीवर लाथ मारली होती. आज मी 37 वर्षांची आहे, तरी वरातीतला घोडा दिसला की गल्ली बदलते. आईला एकटीला पाठवायचं मन होत नाही आणि मला घोड्यावर बसवत नाही. काय करू?

सह्यकडा
ताई, 1500 रुपयांत काही होत नाही, आधी बजेट वाढवा. मी 11 हजारांचं डाउन जॅकेट घेतलं होतं. हरिश्चंद्रगडापासून हिमालयापर्यंत चार वर्षं वापरतोय, अजून शिवणसुद्धा उसवली नाही. स्वस्त जॅकेट घेऊन पस्तावलेले पुष्कळ पाहिलेत. शिट्टी मात्र नक्की घ्या.

बेएरियाकर
इथे अमेरिकेत आम्ही डोंगरात जाताना सॅटेलाइट मेसेंजर नेतो. नेटवर्क नसलं तरी बटण दाबून मदत मागता येते. साडेतीनशे डॉलरच्या आसपास मिळतो. इथून कुणी येणार असेल तर मागवून घ्या.

कायद्याचं_बोला
कृपा करून मागवू नका. भारतात सॅटेलाइट फोन आणि असले मेसेंजर परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर हे यंत्र सापडलं म्हणून परदेशी पर्यटकांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. आईला घेऊन निघालेल्या बाईंना हा सल्ला देऊ नये.

बेएरियाकर
हे माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो.

कोरडे_मोजे
31 जुलै 2024 च्या रात्री ढगफुटी झाली तेव्हा मी केदारनाथच्या वाटेवरच्या लिंचोलीत होतो. खालची वाट भीमबलीच्या बाजूला वाहून गेली होती. दोन रात्री तिथेच काढल्या. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

अडचणीची सॅक स्वतःच्या पाठीवर ठेवा. आम्ही मोठी बॅग खेचरावर लादली होती. ती पुढे निघून गेली, माझी रक्तदाबाची गोळी तिच्यातच. आईच्या चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या तुमच्या सॅकमध्ये आणि तितक्याच आईच्या खिशात ठेवा.

मोज्यांचे दोन जोड झिपच्या पिशवीत, आणि त्यांना फक्त झोपताना हात लावायचा. पाय कोरडे असले की माणूस रात्र काढतो.

फोन नंबर कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी माझा फोन बंद पडला. दुसऱ्याचा फोन मिळाला, पण मला बायकोचा नंबर पाठ नव्हता. 112 तेवढा आठवत होता.

चांदीसारखा चकाकणारा फॉईलचा ब्लँकेट घ्या. घडी घातली की मुठीत मावतो आणि भाजीच्या पिशवीहून हलका असतो. मी 180 रुपयांना घेतला होता. आतून स्वेटर घालूनच पांघरायचा, नुसता अंगाला लावला तर घामाने ओलं व्हायला होतं.

शेंगदाण्याची चिक्की अर्धा किलो न्या. तिथे बिस्किटं लगेच संपली.

अनुराधामावशी
बाळा, कापराची पुरचुंडी विसरू नकोस. रुमालात बांधून हुंगत राहायचं, वर श्वासाला कमी पडत नाही. मी 2011 मध्ये 59 वर्षांची असताना चालत गेले होते. तेव्हा वाटेवरच्या रामबाड्याला चहा प्यायला होता. 2013 च्या जूनमध्ये ते सगळं गाव वाहून गेलं. आठवलं की पोटात तुटतं.

गोळी_वेळेवर
मावशी, मी डॉक्टर आहे म्हणून स्पष्ट लिहितो. कापराने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. ऑक्सिजनचा छोटा डबाही दोन-चार मिनिटांत संपतो, त्यावर पैसे घालवू नका. केदारनाथ 3,583 मीटरवर आहे, जिथून चढाची वाट सुरू होते ते गौरीकुंड साधारण 2,000 मीटरवर. घोड्यावरून एका दिवसात तेवढं चढताना शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. आदल्या रात्री गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला मुक्काम करा. डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर दर्शन राहू दे, त्याच वेळी खाली उतरा. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी परस्पर घेऊ नका. आईला सल्फाची अ‍ॅलर्जी आणि बाकीची औषधं बघून त्यांचे डॉक्टरच ठरवतील. ओआरएसची पाकिटं न्या, एक मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात.

अनुराधामावशी
मला तरी गुण आला होता.

चूल_आणि_सरपण
कापूर हुंगायला नका घेऊ, पण घ्या जरूर! दमट हवेत ओलं लाकूड पेटत नाही, तिथे दोन वड्या काम करतात. हा माझा राजगडाचा अनुभव. काडेपेटी किंवा लायटर विमानात चालत नाही, ते सोनप्रयागला घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये घेत नाहीत. आणि बंद तंबूत काही पेटवू नका, धुराने माणूस झोपेतच जातो.

सदाशिव_पेठ
प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड करून घ्या.

कायद्याचं_बोला
तो नियम जम्मू-काश्मीरचा. केदारनाथ उत्तराखंडात आहे, तिथे आपलं प्रीपेड चालतं.

सदाशिव_पेठ
आमचं अमरनाथला चाललं नव्हतं, म्हणून सांगितलं. शिट्टी घ्या.

पायवाट_नको
इतका खटाटोप कशाला? फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून हेलिकॉप्टरने जा. आम्ही आईबाबांना तसंच नेलं, दहा मिनिटांत वर.

कोरडे_मोजे
तिकीट मिळेलच असं नाही, आणि ढग आले की उड्डाण रद्द. जून 2025 मध्ये गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं. जाऊ नका असं म्हणत नाही, पण त्यात धोकाच नाही असं समजू नका.

तापीकाठ
सॅकचं पुष्कळ झालं, घोड्याचं कोणी बोलत नाही. मी शहाद्याकडचा. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा म्हणजे आमच्या घरचं कार्य, आजोबांपासून दारात घोडे. ताई, तुमची भीती खोटी नाही. घोड्याला जवळपास चहूबाजूंनी दिसतं, पण नेमकं पाठीमागे आणि नाकासमोर अगदी जवळ दिसत नाही. तुम्ही लहानपणी बहुतेक मागून गेला असाल. त्याने तुम्हाला पाहिलंच नाही, तो दचकला आणि लाथ बसली. त्याच्या मनात तुमच्याविषयी काही नव्हतं.

खांद्याच्या बाजूने जायचं, आधी बोलायचं, मग मानेवर हात ठेवायचा. कान मागे चपटे झाले असतील तर थांबायचं. कान सैल आणि एक मागचा पाय टेकवून उभा असेल तर जनावर निवांत आहे. खायला दिलं तर तळहात सपाट ठेवायचा, बोटं वर नाहीत. आधी दहा पावलांवर उभं राहा. छातीतली धडधड थांबेपर्यंत तिथेच थांबा, मग दोन पावलं पुढे. एका दिवसात बसायचा हट्ट नको.

केदारनाथच्या वाटेवर खेचरं जास्त. बाप गाढव, आई घोडी. पाय टाकताना खेचर फार जपून टाकतं. आईला सांगा, चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे रेलायचं. रिकिबीत फक्त पुढचा पंजा ठेवायचा, टाच खाली. पूर्ण पाऊल आत घातलं आणि पडल्या, तर पाय अडकून फरफट होते. पाठीवर जड सॅक नको, ती मागे ओढते. आणि चालणाऱ्याने खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही.

नेरळ_लोकल
तापीकाठ यांनी मोलाचं सांगितलं. ठाणे-मुंबईचे असाल तर माथेरानला या. दस्तुरीला घोडे उभे असतात, सकाळी गर्दी नसताना मालकाशी बोललं की नुसतं उभं राहू देतात.

सदाशिव_पेठ
आता ई-रिक्षा आल्यात ना तिथे, घोडे कोण घेतो?

नेरळ_लोकल
2022 च्या डिसेंबरपासून ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, पण आमच्या घोडेवाल्यांची घरं अजून घोड्यांवरच चालतात. शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळत आलोय आम्ही, इतकं सहज मोडीत काढू नका.

सह्यकडा
घोड्याची भीती घोड्यावर बसूनच जाते. एकदा बसा, संपलं. आणि शिट्टी घेतलीत का? एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं. डोंगरात संकटाची खूण तीच.

गौरीकुंड_दोनदा
सरकारी काउंटरवरूनच घोडा करा. पावती जपून ठेवा, घोडेवाल्याच्या ओळखपत्राचा फोटो काढा. माझ्याकडे आधीच पूर्ण पैसे मागितले होते आणि निम्म्या वाटेत उतरवलं, अजून राग येतो. मे 2025 मध्ये जनावरांच्या साथीमुळे घोडे-खेचरं काही काळ बंदच ठेवली होती, तेव्हा पालखीचाही विचार असू द्या.

रानजाई (धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

माथेरानला तीनदा जाऊन आले. पहिल्या दिवशी वीस पावलांवरून रडू आलं. दुसऱ्या वेळी मालकाने चंदी देताना मला शेजारी उभं केलं. तिसऱ्या वेळी घोडीने माझ्या तळहातावरचा गुळाचा खडा उचलला. तिच्या ओठांचा मऊपणा अजून हाताला जाणवतो. मानेवर हात ठेवून बराच वेळ उभी होते. बसले नाही.

बसणारही नाही. मामेभाऊ यायला तयार झाला आहे, तो आईबरोबर घोड्यावर जाईल. मी पहाटे चार वाजता चालायला लागणार, ती दोघं आठला निघतील. भीमबलीला भेटायचं. आई घोड्यावरून येताना मी जवळ जाऊन तिचा पाय धरू शकेन, मला तेवढंच हवं होतं. पालखीला आई नाही म्हणाली, माणसांच्या खांद्यावर बसायचं नाही म्हणते.

सॅकमध्ये शिट्टी, फॉईल, मोजे, नंबरांचा कागद, कापूर, ओआरएस, चिक्की आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घेतल्या. 740 रुपये झाले. वर बाबांची घोंगडी घेते आहे. वजन 6 किलो 900 ग्रॅम भरलं.

सह्यकडा
घोंगडी नको! भिजली तर दुप्पट जड होईल. त्यापेक्षा जॅकेटचं बघा. आणि निम्म्या वाटेपर्यंत आईपासून लांब राहणार, हे मला पटत नाही.

कोरडे_मोजे
मलाही घोंगडी जड वाटते. नेणारच असाल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तोंड बांधा.

तापीकाठ
माझं म्हणणं होतं बसाच. तीन वेळात जी बाई मानेला हात लावते ती चौथ्या वेळी बसते. पण चालत जाणार असाल तर पहाटे हेडलॅम्प लावा, हात मोकळे राहतात.

रानजाई (धागाकर्ती)
हेडलॅम्प घेते, आणि जाड पिशवीही. घोंगडी मात्र येणार. बाबा शेतावर राखणीला जाताना तीच पांघरायचे, आणि आईला ती वर देवळासमोर अंथरून बसायचं आहे.