'टू' दिसला की घात होतो
'लुकिंग फॉरवर्ड टू'च्या पुढे 'मीट' की 'मीटिंग', या प्रश्नाचं उत्तर 'मीटिंग'. शाळेत 'टू गो, टू ईट' घोकल्यामुळे 'टू' दिसला की हात आपोआप मूळ क्रियापदाकडे जातो. इथला 'टू' मात्र आपल्या 'कडे'सारखा. त्याला नामच लागतं, आणि क्रियापदाला आयएनजी लावलं की त्याचं नाम होतं ('मीट'चं 'मीटिंग'). शंका आली तर क्रियापदाच्या जागी 'युवर रिप्लाय' घालून बघा. वाक्य बसलं की बिनधास्त आयएनजी लावा. (मी पहिल्या नोकरीच्या अर्जात 'टू हिअर फ्रॉम यू' लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, पण दोष व्याकरणाला देत नाही!)

'यूज्ड टू'मध्ये तर अर्थच पालटतो: 'आय यूज्ड टू ड्राइव्ह' म्हणजे पूर्वी चालवायचो, 'आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग' म्हणजे चालवायची सवय आहे.